कार्डिफला बेसबॉल बघायला गेलो तो शनिवार

मुलगी अकरा महिन्यांची असताना आम्ही तिला पुण्याला सासू-सासऱ्यांकडे पाठवून दिलं. आता हे वाचून कुणी नाक मुरडू नये. साठच्या दशकात इथे विलायतेत हॉस्पिटलांतून ज्युनियर डॉक्टर म्हणून राबणारी आमच्यातली कितीतरी जोडपी हेच करत होती. दोघांनाही रात्रंदिवस ड्यूटी, राहायला हॉस्पिटलची एक खोली, वर परीक्षांचं भूत. दोन वर्षांत परीक्षा आटपतील, मग आणू, असं ठरलं होतं. मी एकदा नापास झाले, नवरा दोनदा, आणि दोनाची पाच वर्षं झाली.

मग वेल्समधल्या एका खाणींच्या गावात नवऱ्याला कायमची नोकरी लागली, घर मिळालं, आणि मामंजी नातीला घेऊन आले. ते महिनाभर राहून एकटेच परत जाणार होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त जिचा प्रश्न तिला सोडून. आजोबांबरोबर विलायत बघायला जायचंय, एवढंच तिला पुण्यात सांगितलेलं. निघताना रडारड नको म्हणून सासूबाई बोलल्या नाहीत. तुमची मुलगी, तुम्हीच सांगा, म्हणून मामंजी बोलले नाहीत. आणि आम्ही दोघं रोज उद्यावर ढकलत होतो. वॉर्डात मी लोकांना नको त्या बातम्या तोंडावर सांगत असे, पण सहा वर्षांच्या पोरीपुढे माझी दातखीळ बसायची. ती माझ्याशी शेजारच्या काकूंशी वागावं तशी शहाण्यासारखी वागायची. ताटात वाढलेलं सगळं निमूट संपवायची, काही मागायची नाही, हट्ट करायची नाही. मला त्याचाच संताप यायचा.

मामंजी बुधवारी निघणार होते. त्याआधीच्या शनिवारी आम्ही कार्डिफला गेलो. आमच्या हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलणारा एक पोर्टर तरुणपणी बेसबॉल खेळलेला. वेल्स विरुद्ध इंग्लंड सामना आहे, तुमच्या म्हाताऱ्यांना दाखवाच, असं तो आठवडाभर मागे लागला होता. नवऱ्याला ही कल्पना भलतीच आवडली. दिवसभर मजा करू, पोरगी खुशीत आली की सांगून टाकू, असं त्याचं म्हणणं. नवरा हाडांचा डॉक्टर, प्लास्टर घालून सहा आठवड्यांनी या म्हणायची सवय. मी म्हटलं, बरं, पण सांगणार तू. तो हो म्हणाला.

सकाळच्या ट्रेनने गेलो. किल्ला पाहिला, दुकानं पाहिली, आइस्क्रीम झालं. स्टेडियमच्या बाकांवर बसल्यावर मी तिखटामिठाच्या पुऱ्यांचा डबा काढला तेव्हा आजूबाजूच्या चार माना वळल्या. मामंजींची समजूत होती की बेसबॉल म्हणजे अमेरिकेचा खेळ. इथे तर फुटबॉलवाल्यांसारखे शर्ट घातलेले बाप्ये खालून हात फिरवून बॉल टाकत होते, चपट्या बॅटने मारत होते आणि चार खांबांभोवती जिवाच्या आकांताने पळत होते. धड क्रिकेट नाही, धड काही नाही, असं मामंजी पहिला तासभर पुटपुटत होते. दुसऱ्या तासाला ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पोरगीही बाकावर चढून ओरडत होती. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण कुठे ओरडायचं ते बरोबर कळत होतं. तिला इतकी मोकळी मी पहिल्यांदाच बघत होते.

वेल्सचे शेवटचे काही खेळाडू बाद व्हायचे उरले असताना तिने सामन्याचं छापील पत्रक नीट घडी घालून आजोबांच्या हातात दिलं. बुधवारी आपल्या बॅगेत हे वर ठेवा, चुरगळू देऊ नका, आजीला दाखवायचंय, म्हणाली. मामंजी मैदानाकडे बघत राहिले. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला, चहा घेऊन येतो म्हणाला आणि गेलासुद्धा. असा राग आला मला त्याचा! पण मग म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"बुधवारी आजोबा एकटेच जाणार आहेत," मी म्हणाले. "तू इथे राहणार, आमच्याजवळ."

तिने आजोबांकडे पाहिलं. ते पत्रकाची घडी बोटांनी दाबत होते. मग ती माझ्याकडे वळली.

"कायमची?"

"हो."

"मग आधी मला पाठवलंत कशाला?"

उत्तरं होती की माझ्याकडे. परीक्षा, ड्यूटी, एक खोली, सगळी खरी. पाच वर्षं स्वतःला तीच तर सांगत आले होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. सासऱ्यांच्या देखत म्हणाले, आणि मामंजींनी चष्मा काढून डोळ्यांवर रुमाल धरला.

तिने भोकाड पसरलं. आजोबांनी हात पुढे केला तो झिडकारला, मी केला तोही झिडकारला. दोन बाकांच्या मधल्या जागेत उभी राहून ती एकटीच रडत होती. तेवढ्यात सामना संपला आणि वेल्स हरलं. पुढच्या बाकावरचा टोपीवाला म्हातारा मागे वळला. पोरगी हरल्याचं दुःख करतेय असं त्याला वाटलं. त्याने खिशातून एक पेपरमिंट काढून तिच्या हातावर ठेवली आणि आपल्या वेल्श ढंगात काहीतरी बोलला. तिने आजोबांकडे पाहिलं. मामंजींना त्याचा एक शब्द कळला नव्हता. मग हुंदके देतच तिने मला विचारलं,

"काय म्हणाले ते?"

काही अडलं म्हणून आजोबांऐवजी मला विचारायची महिनाभरातली तिची ही पहिलीच वेळ.

"म्हणतात, रडू नकोस. पुढच्या वर्षी ये, तेव्हा आपण जिंकू."

तिने जरा विचार केला. "पुढच्या वर्षी मी इथे असणार?"

"असणार."

तिने पेपरमिंट तोंडात टाकली आणि परत रडायला लागली. पण या वेळी मी हात धरला तेव्हा तो तिने सोडवून घेतला नाही.