पायरीवर बसलेल्या वहिनी

दिवेलागणीला मी इथून, सुरतेहून, घरी व्हिडिओ कॉल लावते. वहिनी फोन डब्याला टेकवून ठेवतात. आईला आता माणसं ओळखू येत नाहीत. सुनेला ती बसायला आलेली पाहुणी समजते. कालही तिनं वहिनींना हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "उठा आता बाई, घरचे वाट बघत असतील."

"चहा न देताच काढता होय?" वहिनी हसल्या.

आधी त्या समजावायच्या, "अहो आई, मी तुमची सून." मग आई चिडायची, रडायची. आता त्या "येते हं" म्हणतात, बाहेर पायरीवर दोन मिनिटं बसतात आणि परत येतात. आई हरखते, "या या, किती दिवसांनी!"

दिवसभरात वहिनींना तेवढाच वारा लागतो. मी सातवीत शाळा सोडली, मला मोठाल्या गोष्टी सांगता येत नाहीत. पण माझ्या आईचं न्हाणंधुणं त्या करतात, म्हणून मी इथं दोन घास खाते. भीतीही वाटते, एखाद्या दिवशी त्या पायरी उतरून खरंच गेल्या तर?

काल त्या बराच वेळ आत आल्या नाहीत. फोनमधून त्यांची पाठ दिसत होती, डोकं चौकटीला टेकलेलं. आई दाराकडं निघाली. मी घाईनं हाक मारली, "आई, इकडं ये ना."

ती फोनजवळ आली. "कुणाची गं तू?"

मी अगदी पहिल्यापासून, सावकाश सांगायला लागले.