मोडलेली निब

इथं परदेशात, बिशानला लेकाच्या फ्लॅटमध्ये परवा नातीनं पेनात शाई भरली आणि त्या वासानं जुनी गोष्ट आठवली. माझी बायको सेशन कोर्टात जज होती आणि मी सातवी नापास, घड्याळं दुरुस्त करणारा. एका संध्याकाळी तिच्या पर्समध्ये निब मोडलेलं पेन दिसलं. खूश होईल म्हणून मी नवी निब बसवली, शाई भरली आणि निळ्या बोटांनी पेन तिच्या हातात दिलं. ती पांढरीफटक पडली. "अहो, या पेनानं आज एकाला फाशी लिहिलीय. फाशी लिहिली की निब मोडायची असते, ते पेन पुन्हा चालवायचं नसतं." मी खेकसलो, "मग सांगायचं ना! मला अडाण्याला काय ठाऊक?" ती हळूच म्हणाली, "चुकलं माझं. जरा बसता माझ्याजवळ? त्याची आई आली होती कोर्टात." मी रागातच होतो. "गिऱ्हाईक थांबलंय," म्हणालो आणि चपला घातल्या. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पुढं तिनं कित्येक निकाल दिले, पण मला बसा कधी म्हणाली नाही. तिला जाऊन वर्ष झालं. लेक-सून ऑफिसला गेले की मी इथं दिवसभर मोकळाच असतो. त्या आईनं कोर्टात काय केलं, ते मला आता ऐकायचंय.