देवघरातला राउटर

माझ्या वहिनी परसात पडल्या त्या दिवसाची हकिकत आमच्या भावकीत तीन तऱ्हांनी सांगितली जाते, आणि तिन्ही तऱ्हा खोट्या आहेत. माझ्या पुतण्याच्या, म्हणजे वहिनींच्या लेकाच्या, मते चूक भटजींची. वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, लोकांच्या मते देवाला आपल्या खोलीतले यंत्र सहन झाले नाही. आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात, जो मीही वाचतो याचा लोकांना विसर पडतो, असे लिहिले गेले की डिचोलीच्या म्हाताऱ्याला नवीन काही खपत नाही, त्यानेच पहिल्या दिवशी नाट लावला.

शेवटच्या आरोपाचा समाचार आधी घेतो. मी यंत्रांना भिणारा माणूस नव्हे. खनिजाचे ट्रक डिचोलीच्या रस्त्यावर रांगा लावून उभे असत त्या काळात, कुठला ट्रक खाणीवर आहे आणि कुठला धक्क्यावर, हे पडद्यावर दाखवणारी प्रणाली मी लिहिली. खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, मी निवृत्त झालो, आणि ज्या वयात माझे सोबती दवाखान्याच्या बाकावर गप्पा मारतात त्या वयात मोबाइलची ॲप लिहायला बसलो. बाजारातल्या दुकानदारांसाठी लिहिली, एका देवस्थानासाठी लिहिले, आजही लिहितो. यंत्र विकत घेण्यापूर्वी माझा सल्ला मागणारे पुष्कळ आहेत. ऐकणारे थोडे.

वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी. पेडण्यात, मोपाच्या विमानतळाच्या पठाराखालच्या वाड्यावर, त्या एकट्याच राहतात. ते घर सोडून त्यांना कुठेही जायचे नव्हते, आणि मुलगा इंग्लंडात. तेव्हा एका रजेत तो सामान घेऊन आला: ओसरीच्या आतल्या खोलीत कॅमेरा, आईच्या मनगटावर माणूस पडले तर ओळखून मुलाला कळवणारे घड्याळ, आणि हे सगळे ज्याच्यावर चालायचे तो राउटर. मोबाइलचे जाळे आमच्या वाड्यावर नावालाच आहे. फोन ओसरीच्या खिडकीत ठेवला तरच वाजतो. म्हणजे परसात, न्हाणीत, स्वयंपाकघरात वहिनी पडल्या तर त्यांची हाक त्या राउटरवाटेच जाणार होती.

तो राउटर पुतण्याने देवघरात बसवला. कारण त्याच्या दृष्टीने चोख होते: इन्व्हर्टरची जोडणी तिथे होती, फळी उंच होती, मांजर चढत नव्हते आणि पाहुण्यांचा हात लागत नव्हता. मी दारातच उभा राहून म्हटले, "हंय नको. आपली भावकी मोठी. वर्सात एक तरी सुतक येताच."

पुतण्या शिडीवरून हसला. "काका, राउटराक खंय सुतक लागता?"

"राउटराक लागना नाय. जो हात तो चालू करतलो, तेका लागता."

"तुमी सॉफ्टवेअरवाले काय गावचे गुरव?" तो म्हणाला, आणि वहिनीही हसल्या. मग त्याने ॲप उघडून दाखवले. आईच्या नावापुढे हिरवा ठिपका, खाली ‘सर्व ठीक’. तेच ॲप त्याने माझ्याही फोनवर घालून दिले.

मला तो ठिपका त्याच क्षणी आवडला नाही. ट्रकांच्या काळात माझ्या पडद्यावरही असाच हिरवा ठिपका असे, आणि एकदा एक ट्रक ओहोळात कलंडून पडलेला असताना तो ठिपका हिरवाच राहिला होता, कारण ट्रकवरचे यंत्रच बंद पडले होते आणि पडदा शेवटची बातमी धरून बसला होता. त्यानंतर वरिष्ठांशी भांडून प्रत्येक ठिपक्याखाली वेळ लिहायला मी लावले. कुठलेही ॲप घ्या, कॅमेऱ्याचे, गाडीचे, औषधांच्या आठवणीचे. त्याला एवढेच विचारा की तुला हे कधी कळले. ज्याच्या पडद्यावर याचे उत्तर सापडत नाही ते फुकट मिळाले तरी घरात आणू नये. मी पुतण्याला हे सांगितले. तो म्हणाला, पुढच्या अपडेटमध्ये येईल.

तो गेला. चवथ झाली, गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरली, आणि भावकीतले एक वृद्ध गृहस्थ वारले. सुतक आले. आमच्याकडे सुतकात घरच्या माणसाने देवघरात पाऊल ठेवायचे नसते. दिवा लावायला भावकीबाहेरचे भटजी सकाळी येऊन जातात. त्यांनी दिवा लावला, फुले घातली आणि निघताना बोर्डावर एक बटण चालू दिसले ते, नेमके राउटरचे, बंद केले. आईबापांनी वळण लावलेला कुणीही माणूस रिकाम्या खोलीतून बाहेर पडताना हेच करतो. यात भटजींची चूक काढणाऱ्याने स्वतःचे वळण तपासावे.

वहिनींना कॅमेऱ्यावरचा दिवा विझलेला दिसला होता. नंतर त्यांनीच सांगितले. "म्हटलां, कॅमेऱ्यान पण सुतक पाळल्यान," असे म्हणून त्या थोड्या हसल्याही. बटण चार पावलांवर होते, पण ती चार पावले त्यांना निषिद्ध होती. शेजारणीला बोलावता आले असते. परंतु लेकाचे यंत्र लेक बघून घेईल, आणि तो तर आपल्याला बघतोच आहे, अशी त्यांची खात्री होती. ती खात्री यंत्रानेच दिली होती.

मी रोज दिवेलागणीला वहिनींना फोन करतो. त्या संध्याकाळी फोन वाजत राहिला. ॲप उघडले. हिरवा ठिपका. सर्व ठीक. पुन्हा फोन केला, पुन्हा वाजत राहिला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो ओहोळ आला. मी इंग्लंडला फोन लावला.

"काका, हिरवा आसा," पुतण्या म्हणाला. "न्हाणयेत आसतली ती."

"हिरवा कधीचो?"

"म्हणजे?"

"शेवटची खबर तुका कधी गावली?"

"काका, तुमी प्रत्येक गोष्टीत तुमचो ट्रक हाडतास."

मी फोन ठेवला आणि गाडी काढली. अस्नोड्यावरून पुढे रस्ता मोकळा होता. पठाराजवळ आलो तेव्हा पुरता अंधार झाला होता आणि एक विमान इतक्या खालून उतरत होते की त्याच्या दिव्यात माडांच्या झावळ्या क्षणभर पांढऱ्या झाल्या. घराचे दार उघडे होते. आत दिवा नव्हता. मागीलदारी, न्हाणीच्या पायरीखाली, चिऱ्याच्या ओल्या फरशीवर वहिनी कुशीवर पडल्या होत्या. मनगटावरचे घड्याळ थरथरत होते आणि त्याच्या चिमुकल्या पडद्यावर एकच प्रश्न पेटत-विझत होता: तुम्ही ठीक आहात का? तो प्रश्न ते यंत्र दुपारपासून विचारत होते, आणि ऐकणारे कुणी नव्हते.

वहिनींनी मला ओळखले. त्यांचा पहिला शब्द पाण्यासाठी नव्हता, लेकासाठी होता.

"भावजी, तेणां बघल्यान मां?"

मी हो म्हणालो.

खुब्याचे हाड जोडले गेले. पुतण्या आला, राउटर ओसरीवर हलवला गेला, आणि एका कॅमेऱ्याचे चार झाले. ठिपक्याखाली वेळ मात्र आली नाही. कंपनीला लिहिले आहे, उत्तर यायचे आहे, असे तो म्हणाला. मी पुन्हा सांगितले की हे नुसते यंत्राचे दुखणे नाही. यंत्र गप्प झाले, आणि त्याचे गप्प होणे म्हणजे सारे कुशल, असे आपण धरून चाललो. त्याने मान हलवली आणि गटात भटजींची गोष्ट लिहिली.

मला खरी भीती त्यानंतर वाटू लागली. वहिनी बदलल्या. चारही कोपऱ्यांतून कुणी बघते आहे हे कळल्यावर त्या परसात जाईनाशा झाल्या. लेकाला नीट दिसावे म्हणून ओसरीच्या खिडकीला लागून, कॅमेऱ्यासमोर ठेवलेल्या खुर्चीत, फोन हाताशी घेऊन बसून राहू लागल्या. शेजारीण आली की आवाज खाली. माझ्या फोनवर रोज एकच उत्तर: "मी बरी आसंय." तेच शब्द, तोच सूर. ऐकता ऐकता एकदा मला उमगले की हाही हिरवा ठिपकाच आहे, आणि याच्याखालीही वेळ नाही.

म्हणून मी एक नियम घातला. "वहिनी, बरी आसंय म्हणान सांगूक नको. आज नवीन काय बघलास, ता सांगा."

"तुमचा आपला कायतरी," त्या म्हणाल्या; पण सांगू लागल्या. कधी कुणाची गाय कुंपण मोडून आत आली, कधी घरोघर पाव देणारा पदेर उंडे, म्हणजे गोल पाव, द्यायचे विसरला, कधी विमानाच्या आवाजाने पोपट उडाले. मला त्या गोष्टींशी कर्तव्य नव्हते. आजची गोष्ट कालच्यापेक्षा निराळी आहे, एवढेच मला हवे होते.

परवा त्यांनी सांगितले, "जास्वंदीक तांबडी कळी इली." काल विचारले तेव्हा म्हणाल्या, "जास्वंदीक तांबडी कळी इली."

"ता काल सांगितलास. आनी काय?"

 मग पुन्हा, त्याच सुरात, शेवटचा शब्द किंचित ओघळलेला: "जास्वंदीक तांबडी कळी इली."

मी पुतण्याला फोन केला.

"दिसता, काका. खुर्चयेर बसली आसा. हिरवा आसा."

"खुर्चयेर कधीपासून आसा?"

या वेळी त्याने ट्रकाचे नाव काढले नाही. तो चित्रण मागे मागे नेत होता हे मला पलीकडच्या टिचक्यांवरून कळत होते. मी चपला घातल्या होत्या, किल्ली हातात होती.

"सकाळपासून," तो म्हणाला. "काका, सकाळपासून ती उठलीच नाय."

वहिनी इस्पितळात आहेत. उजवी बाजू त्यांची ऐकत नाही आणि शब्द तोंडातच विरतो. शेजारीण त्यांच्यापाशी बसली आहे. मी त्यांचे कपडे आणि चष्मा घेण्यासाठी घरी आलो आहे आणि ओसरीवर बसून हे लिहितो, कारण गटात चौथी हकिकत निघाली आहे: कॅमेरा होता म्हणून आई वाचली. तिच्याखाली हात जोडलेली चित्रे जमत आहेत. ही हकिकत इतरांपेक्षा लवकर रुजेल, कारण ती सर्वांना सोयीची आहे. मी तिथे उत्तर लिहिलेले नाही. इथे लिहितो: कॅमेऱ्याने सकाळपासून सगळे पाहिले आणि कुणालाही काही सांगितले नाही.

समोर खुर्ची रिकामी आहे. देवघराचे दार लोटलेले आहे, दिवा कुणी लावलेला नाही. घरात वहिनी नाहीत, आणि माझ्या फोनवर त्यांच्या नावापुढे ठिपका हिरवा आहे.