थोरल्या दिरांचे डोंगर

माझ्या थोरल्या दिरांइतका दगडांवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत नव्हता. निजाम सरकारच्या नोकरीत ते खडक तपासत आणि घरी येऊन डोंगर करत. सतरंजी दोन्हीकडून रेटून घड्या पाडायचे. "बघा, जमिनीला दाब बसला की अशी वर येते." पाहुण्यांना त्या घड्यांवरच बसावं लागे. पानात भाताची मूद आली की ती दोन्ही हातांनी ओढायचे. मधला भात खाली बसला की खुश. "ताणलं की जमीन तुटते, मधला तुकडा खचतो, दरी होते." मी चौथी शिकलेली, पण वरण निवतंय एवढं मला कळायचं.

त्या साली रझाकारांची धास्ती होती. बरकतपुऱ्यातली आमच्या ओळखीची बिऱ्हाडं एकेक करून निघाली. जाऊबाईंनाही मुलांना आणि मला घेऊन सोलापूरला माहेरी जायचं होतं. दीर म्हणत, "नक्को. इथला दगड फार जुना, सगळे दाब सोसून बसलाय. काही होत नाही."

"दगडाला कोण मारायला येतंय?" असं म्हणून जाऊबाई तयारीला लागल्या.

त्यांचं सोवळं कडक. प्रवासात बाहेरचं पाणीसुद्धा चालत नसे. म्हणून दशम्यांची कणीक दुधात भिजवली, शेजारी पुऱ्यांची, हळद घातलेली पिवळी. तेवढ्यात दीर कचेरीतून आले ते बुटांसकट थेट स्वैपाकघरात. पांढऱ्या कणकेवर पिवळी थापली, वर पुन्हा पांढरी, आणि दोन्ही तळव्यांनी रेटली.

"ही घडी. आणखी रेटलं तर..." गोळा तडकला, एक बाजू दुसरीवर चढली. "याला म्हणतात भ्रंश!"

याला म्हणतात नासाडी, मी मनात म्हटलं. कणकेला खडकाची काळी धूळ लागलेली, घरातलं दूध संपलेलं, गाडीची वेळ होत आलेली. आता कसलं जाणं! दिरांनाही तसंच वाटलं असावं. पाट ओढून ते निवांत बसले.

जाऊबाई गोळ्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तवा ठेव गं. ह्याच्याच भाजू."

"अगं, ओवळं झालंय ते!" हे दीर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

"होऊ दे."

दिरांना नोकरी सोडता येत नव्हती. स्टेशनापर्यंत पोचवायला आले. गाडी हलली तसे खिडकीचा गज धरून चालले, मग फलाट संपला.

जाऊबाईंनी मुलांना पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या दशम्या वाटल्या. एक फडक्यात बांधून ठेवली. सोलापूर येईतो तिचं लाकूड झालं.

"टाका ती," मी म्हटलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या.