तोड आली त्या दिवशीचा फोटो

गाडी बांधाला लावली आणि आधी ऊस शोधला. आठ दिवसांपूर्वी शेळगावला येऊन फोटोसाठी जागा बघून गेले, तेव्हा इथं डोक्याच्या वर गेलेला, पांढरे तुरे आलेला फड होता. आता नुसतं वाळल्या पानांचं पाचट पसरलं होतं आणि उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या होत्या.

"तोड आली की मॅडम, सकाळीच!" जिचे फोटो काढायचे होते तिच्या नवऱ्यानं पेढे वाटावेत तशा आवाजात सांगितलं.

"मग एक फोन करायचा."

"ध्यानातच आलं न्हाय बघा. तोडणीच्या टोळीच्या मागंच हुतो."

कारखान्याची तोड आली की आमच्याकडं माणूस लग्नाच्या पंगतीतूनही उठून फडावर जातो. शेजाऱ्यांचा ऊसही आधीच गेलेला.

त्याची बायको सातव्या महिन्यात होती. हिरवी साडी, हिरवा चुडा, शेवंतीचे दागिने आणि मागं उंच हिरवा ऊस, हे सगळं तिनंच ठरवलेलं. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी तिला झोपूनच राहायला सांगितलं होतं. खाचखळग्यांतून आणखी कुठं नेणं शक्य नव्हतं.

"इतके महिने उलट्या करतानाच बघितलंय मला सगळ्यांनी," ती म्हणाली. "एक तरी फोटो धड हवा. उभी असतानाचा."

तिच्या सासूबाईंची अट वेगळीच. "दिवेलागणीच्या आत घरात. पोटुशी बाई तिन्हीसांजेची रानात थांबत न्हाय."

आणि मला हवा असलेला उजेड येतो नेमका तेव्हाच.

मी विहिरीकडं गेले. मागं विजेचा खांब येत होता. लिंबाखाली तिचा चेहरा काळवंडला. ट्रॉलीसमोर उभी केली तर ती कारखान्याच्या कॅलेंडरवरची बाई दिसायला लागली. खुर्चीत बसवून बघितलं, तर तिनंच नको म्हणून मान हलवली. ऊन उतरत होतं. माझे पाय एका जागी ठरेनात.

तेवढ्यात बांधावर वाढ्यांच्या मोळ्या दिसल्या. उसाचे हिरवे शेंडे, म्हशींसाठी राखलेले.

"या उभ्या करा," मी म्हटलं.

"वैरणीचं फोटू काढायला बारामतीवरनं आलाय व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं मोळ्या एकमेकींना टेकवून रचल्या. वाऱ्यानं मधली पडली. परत लावली, परत पडली. मी एकदा सूर्याकडं बघत होते, एकदा त्या मोळीकडं. शेवटी सासूबाईंनाच राहवलं नाही. "सरका," म्हणाल्या आणि मोळीमागं जाऊन तिला कवटाळून उभ्या राहिल्या.

सून समोर उभी राहिली. हसू मात्र येईना.

"झालं का?" मोळीतून आवाज आला. "म्हस बी दूध द्यायला एवढा येळ लावत न्हाय. अंगाला खाज सुटली माज्या!"

सून खळखळून हसली. हात आपोआप पोटावर गेला. मी बटण दाबत राहिले.

मग आभाळ तांबूस झालं, पाचटावर सोनेरी उजेड आला. यासाठीच तर मी आले होते. "आणखी एकच..."

"एक न्हाय आन् अर्धा न्हाय." सासूबाईंनी मोळी सोडली, सुनेचा हात धरला आणि घराकडं निघाल्यासुद्धा. रिकाम्या शेतात मी कॅमेरा घेऊन उभी. बारामतीपर्यंत चडफडत गाडी चालवली.

घरी आल्यावर फोटो बघितले. हसतानाचा एकच चांगला निघाला होता, आणि त्यातही मोळी कलंडलेली, कडेला सासूबाईंचं कोपर. दुसऱ्या दिवशी सुनेला फोन केला. ती झोपूनच बोलत होती.

"कोपर काढून टाकते," मी म्हटलं.

"कशाला? असू द्या. मी उभी आहे ना त्यात?"

"आहेस."

"हसतेय?"

"हो."

"मग हाच मोठा करा."

कोपर ठेवलं. मोळी तेवढी सरळ केली.