भोपळ्याचं वाण

तारामती जाधव राग विसरणाऱ्यांतली बाई नव्हती. नवरा हिंदुराव फौजेत हवालदार, बिऱ्हाड जयपुरात खातीपुऱ्याला, माहेर कृष्णाकाठचं. बाप कोंडिबा पट्टीचा पोहणारा, तिलाही पोहायला त्यानंच शिकवलेलं. पुरातून त्यानं सहा माणसं काढली, सातव्यासाठी गेला तो परत आला नाही. हे सांगताना तिची मान ताठ होई.

जयपूरची मराठी मंडळी दर संक्रांतीला आमेरपलीकडच्या डोंगरात दोन तास चढून एका तळ्यावर जात. पुरुष गारठलेल्या पाण्यात डुंबत, बायका काठावर चूल फुंकत. चौऱ्याऐंशी साली तारामती म्हणाली, "मीबी उतरते." मंडळाचे चिटणीस वसंतराव, कॉलेजातले प्राध्यापक, लगेच म्हणाले, "नको बाई! पट्टीचा पोहणारा बाप बुडून मेला, लेकीचं काय सांगावं?" सगळे फिदीफिदी हसले. हिंदुराव बुटाची नाडी बांधत बसला.

एवढ्यावर भागलं नाही. आठवड्यानं वसंतरावांच्या घरी हळदीकुंकू होतं. बायकोनं सगळ्यांना वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या, आणि साहेबांनी स्वतः बाहेर येऊन तारामतीच्या हातात सुका भोपळा ठेवला. गावाकडं पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधतात तसला. "तुमचं वाण! हे बांधा, मग पोहा."

तिनं तो फेकला नाही. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला आणि वर्षभर येता-जाता पाहिला. थंडी पडली तशी पहाटे टाकीच्या गार पाण्यानं अंघोळ करू लागली. "खूळ लागलंय तुला," हिंदुराव म्हणायचा. "लागलंय," ती म्हणायची.

पुढच्या संक्रांतीला डोंगर चढताना तिच्या पिशवीत भोपळा, सुतळी आणि गुळपोळ्यांची चळत होती. काठावर तिनं वसंतरावांना असा आग्रह केला की विचारता सोय नाही. "घ्या वो सर, तूप सोडते." फुकटची गुळपोळी नाकारतील तर ते वसंतराव कसले! पाच रिचवल्यावर ती सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, त्या पल्याडच्या खडकापतुर येताय? का थंडी वाजती?" तिनं काष्टा खोचून कमरेला भोपळा बांधला, तेव्हा वसंतरावच सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि हसत हसत तिच्यामागून पाण्यात शिरले.

मध्यावर व्हायचं तेच झालं. पोट जड, पाणी बर्फासारखं. त्यांच्या पोटरीत गोळा आला. "तारामतीबाई!" नाकातोंडात पाणी जात असताना ते ओरडले. तिनं कमरेचा भोपळा सोडून पुढ्यात धरला आणि दोन हातांवर थांबली.

"आधी माझ्या आबाचं बोला. मोठ्यानं. काठावर ऐकू गेलं पायजे."

ती त्यांना बुडू देणार नव्हतीच. पण त्यांच्या डोळ्यांतली भीती पाहून तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. कोंडिबा एवढाही थांबला नसता, हे तिला ठाऊक होतं. तरी ती थांबली.

"चुकलो! कोंडिबा देवमाणूस होता!" वसंतराव किंचाळले.

मग तिनं भोपळा त्यांच्या पाठीला पक्का बांधला आणि दंडाला धरून त्यांना ओढत आणलं. पाठीवर भोपळा घेऊन प्राध्यापक रांगत काठावर आले. पहिला हसला तो हिंदुराव, अगदी पोट धरून.

तारामतीनं पदर पिळला, हात कोरडे केले आणि पिशवीतली पुडी सोडून वसंतरावांच्या तळहातावर चार दाणे ठेवले.

"तिळगूळ घ्या सर," ती म्हणाली, "आन् गोड बोला."