तीन बाटल्यांत पूर्ण बरा

पत्रकाचं शीर्षक मी वाचनालयाची पायरी चढण्याआधीच ठरवलेलं: ‘ही माणसं आहेत कुठे?’

आमचा सहा जणांचा गट आहे. साखर पळवणारी पावडर, मूतखडा विरघळवणारं पाणी, असल्या लुटीविरुद्ध आम्ही डोंबिवली स्टेशनबाहेर आणि ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावर पत्रकं वाटतो. लोक घेतात आणि चार पावलांवर टाकतात. आम्ही उचलतो, परत वाटतो. लिहायचं काम माझ्याकडे, कारण मला सौम्य लिहिता येत नाही.

या वेळी मी पोट हा विषय घेतला, त्याचं कारण आमच्या घरातच होतं. बाबांना सहा-सात महिने पोटात जळजळ, जेवल्यावर कळ. ठाकुर्लीच्या आमच्या डॉक्टरांनी एन्डोस्कोपी लिहून दिलेली. तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली तीन महिने लटकत होता. बाबा एक पाचक प्यायचे. नाव लिहीत नाही, उद्या नोटीस नको. काळपट, गोडसर, चाळीस-पन्नास वर्षांहून जुनं. ‘गॅस आहे गं,’ म्हणायचे, ‘नळीबिळी घालून घेणार नाही मी.’ आई म्हणायची, ‘पँटला पिन लावून जातायत कामावर, गॅसने माणूस इतका बारीक होतो होय?’ आणि बाबांचं ठरलेलं उत्तर: ‘माझ्या वडिलांना याच औषधाने गुण आलेला. पेपरात छापून आलेलं.’

हे मी इतक्या वेळा ऐकलेलं की ऐकू येणंच बंद झालेलं. खरं सांगायचं तर ते पत्रक एकाच वाचकासाठी होतं. त्यांनी ते वाचावं आणि फ्रिजवरचा कागद काढावा.

तर कल्याणच्या एका जुन्या वाचनालयात मी वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली घेऊन बसले. हाताला धूळ, नाकाला रुमाल. पाचकाच्या जाहिराती शोधायला वेळ लागला नाही, दर आठवड्याला होत्या. प्रत्येकीत एक आभारपत्र. कोणी तलाठी, कोणी हेडमास्तर, कोणी ‘एक सुखी गृहिणी’. सगळ्यांचं दुखणं जुनाट आणि सगळे तीन बाटल्यांत बरे. तीच वाक्यं, तेच उद्गारचिन्ह. मी खूश होते. ही पत्रं कार्यालयात बसून कोणी तरी पाडलेली आहेत, ही माणसं कधी जन्मालाच आलेली नाहीत, हे माझं म्हणणं पानागणिक पक्कं होत होतं.

आणि मग एका पानावर आमचे आजोबा निघाले.

आमच्या हॉलमध्ये आजोबांचा एकच फोटो आहे. जवळून पाहिला तर नुसते काळे ठिपके. लहानपणी मला वाटायचं, त्यांना देवी आलेल्या. बाबा नऊ वर्षांचे असताना ते गेले. खाली फ्रेमवाल्याने पांढऱ्या रंगाने नाव आणि मृत्यूची तारीख घातली आहे, आणि सर्वपित्रीला आम्ही हार बदलतो. तोच फोटो. तोच कोट, डाव्या खांद्यावर जरा उतरलेला. घरच्या फ्रेममध्ये नसलेली फक्त खालची ओळ इथे होती: ‘अकरा वर्षांचा पोटशूळ पळाला! तीन बाटल्यांत मी पूर्ण बरा!’ त्याखाली पत्र: आंबट ढेकर, अन्नद्वेष, अनेक उपाय व्यर्थ, आता दोन वेळ पोटभर जेवतो व कारखान्यात जातो. नाव, चाळीचा पत्ता, सही.

म्हणजे आमच्या भिंतीवर पन्नास वर्षं जाहिरातीचं कात्रण टांगलेलं होतं आणि आम्ही त्याला हार घालत होतो.

मी उठून नळावर तोंड धुऊन आले. परत बसले, पानाची तारीख बघितली. फ्रेमवरची तारीख मला पाठ आहे. वर्ष तेच होतं, पण छापून आलं त्याआधी तीन आठवडे आजोबा गेलेले होते. पुढची फाइल उघडली. जाहिरात परत. पुढच्या दिवाळीलाही तीच. मेलेला माणूस दोन वेळ पोटभर जेवत होता आणि कारखान्यात जात होता.

रडायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, आणि लपवत नाही: काय पत्रक होईल!

त्या संध्याकाळी मी झेरॉक्स बाबांच्या पुढ्यात ठेवली. अख्खं भाषण तयार होतं. बाबांनी चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की माझं भाषण राहूनच गेलं.

‘अगं, हे कुठे मिळालं तुला? मी बोलत नव्हतो? छापून आलेलं म्हणून?’ त्यांनी पूर्ण पत्र मोठ्याने वाचलं. आईला हाक मारून परत वाचलं. ‘ही सही बघ. त्यांची सही! त्यांच्या हातचं एक अक्षर नाही आपल्याकडे.’ सहीवरून ते बोट फिरवत होते, उलटं-सुलटं, पोरं पाटीवर गिरवतात तसं.

‘बाबा, तारीख बघा ना. ते गेलेले तेव्हा!’

‘आधी लिहिलं असेल. बरे झाले, मग तापाने गेले. औषधाचा काय दोष त्यात?’

‘अहो, ही सगळी पत्रं खोटी असतात!’

‘माझ्या वडिलांना खोटारडा म्हणतेस?’

आणि माझ्यासमोर बाटली उघडून दोन झाकणं प्यायले. माझ्या पुराव्याने माझाच पराभव. मला राग यावा की हसू, तेच कळेना. आई पुटपुटली, ‘शाब्बास. आता फ्रिजवरचा कागद हे रद्दीत घालणार.’

बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, कळव्याला असते. आजोबा गेले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्या काळातलं सांगू शकेल असं आता तीच एक. मी फोनवर सगळं सांगितलं.  ती एवढंच म्हणाली, ‘रविवारी येते. त्याला सांगू नकोस.’

रविवारी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. झेरॉक्स बाबांनी कपाटाच्या काचेला आतून लावलेली, ती तिने बघितली आणि खुर्ची ओढून बसली.

‘ते पत्र मी लिहिलंय रे,’ ती म्हणाली.

बाबा हसले. ‘ताई, काहीतरीच.’

‘कारखान्याच्या गेटवर एजंट यायचा. त्याच्याकडे छापील मजकूर असायचा, आपण तो सुवाच्य उतरवून द्यायचा. पत्र दिलं की तीन बाटल्या फुकट आणि कल्याणला स्टुडिओत फोटो फुकट. अण्णांनी जन्मात फोटो काढला नव्हता. माझं अक्षर चांगलं म्हणून मला बसवलं.’

‘मग बरं वाटल्यावरच लिहिलं ना?’

‘बाटल्या यायच्याच होत्या तेव्हा. एजंट म्हणाला, पत्र आधी द्या, छापायला महिना जातो, तोवर गुण येतोच. अण्णांना पटलं. म्हणाले, येणारच आहे गुण, तर लिहून टाक, बाय.’

मी आजवर दहा-बारा पत्रकं लिहिली आहेत. खोट्या डॉक्टरांवर, खोट्या कंपन्यांवर. ही गोष्ट माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती. नाव खरं, पत्ता खरा, फोटो खरा, माणूस खरा. खोटं काय होतं, तर फक्त बरं होणं. तेही त्यांनी खोटं म्हणून लिहून दिलं नव्हतं, आगाऊ लिहून दिलं होतं.

बाबांनी कपाटाकडे बोट केलं. ‘पण सही तर...’

‘सहीपण माझीच. त्यांचा हात कापत होता.’

‘ताई!’ बाबा ओरडले. आईच्या हातातला कप हिंदकळला. ‘पन्नास वर्षं! पन्नास वर्षं तू माझं ऐकून घेतलंस, आणि तोंड उघडलं नाहीस?’

‘काय सांगायचं होतं? घरात फोटो तेवढा एकच. तोही स्टुडिओवाल्याने कंपनीला दिला, आम्हाला नाही. पेपरात आला तेव्हा आईने कापून घेतला, खालचं दुमडून टाकलं. तू विचारायचास, अण्णा बरे झालेले ना? आई हो म्हणायची. मी काय वेगळं बोलणार होते?’

‘तापाने गेले ना पण?’

‘ताप कुठला रे. कोट घालून फोटो काढून आले आणि पायरीवरच ओकले. काळं. डांबरासारखं. आधी कित्येक दिवस शौचालाही तसंच होत होतं, ते आईला मागाहून कळलं.’

बाबा कोणाकडेच न बघता म्हणाले, ‘मलापण काळी होते. गणपतीपासून.’

आईने त्यांच्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली. इतके महिने एका घरात, ताटाला ताट लावून! आत्या उठली, फ्रिजपाशी गेली आणि चुंबकाखालचा कागद काढून माझ्या हातात दिला. बाबांनी तिला थांब म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. ती गेली.

मंगळवारी ठाण्याच्या एका रुग्णालयात बाबांच्या घशात नळी गेली. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवलं. जठरात जखम, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, कडा वाईट दिसत होत्या. तुकडा तपासायला पाठवलाय, आठ दिवसांनी कळेल. पाचक आजपासून बंद. ‘इतके दिवस काय करत होतात तुम्ही लोक?’ बाईंनी विचारलं. ‘पत्रकं वाटत होते’ असं उत्तर माझ्या तोंडावर आलेलं. गिळलं.

बाबा बाहेर बाकावर बसलेले. फवाऱ्याने घसा बधिर, तासभर बोलायचं नाही. रविवारपासून त्यांनी आत्याचं नाव काढलं नव्हतं. माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी फाइलच्या पाठीवर लिहिलं: ‘ताईला फोन लाव. वाट बघत असेल.’

मी लावला, आवाज मोठा करून मध्ये धरला. पहिल्या रिंगलाच उचलला तिने.

‘काय निघालं गं? बरं होण्यातलं आहे ना? खरं सांग हां.’

बाबा माझ्याकडे बघत होते. मला त्यांना आणि तिला, दोघांनाही, हो म्हणावंसं वाटत होतं. अगदी जिभेवर होतं.

‘अजून माहीत नाही, आत्या,’ मी म्हणाले. ‘रिपोर्ट आला की सांगते.’